जागांच्या यादीतून नेमका फ्लॅट कसा काढायचा: पुण्यातल्या एजंट ऑफिससाठी फिल्टरचं सविस्तर मार्गदर्शन

"कोथरूड, कर्वेनगर किंवा वारजे. टू बीएचके. सगळा खर्च धरून ९५ लाखांच्या आत. कार्पेट ६५० च्या खाली नको. लगेच राहायला जाता आलं पाहिजे. लिफ्ट हवी, आणि नसेल तर पहिल्या मजल्याच्या वर नको, आई बरोबर असते." पुण्यातल्या इस्टेट एजंटच्या ऑफिसात ही मागणी रोजची आहे. यादी एक्सेलमध्ये असते, तीत चार-पाचशे फ्लॅट असतात. फिल्टर लावला की सात-आठ ओळी उरतात आणि त्या व्हॉट्सअॅपवर पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला जातात.

त्या सात-आठ ओळींतली एखादी चुकीची असेल तर एक फोन केला की कळतं. पण जो फ्लॅट यादीत होता, मागणीत बसत होता आणि तरीही वर आला नाही, त्याचा पत्ता कुणालाच लागत नाही. फिल्टर गणित चुकल्यासारखा लाल अक्षरांत ओरडत नाही, तो ओळ गुपचूप झाकतो. मालकाने विश्वासाने दिलेली जागा महिनोन्‌महिने पडून राहते आणि घर शोधणारं कुटुंब शनिवार-रविवार भलत्याच जागा बघत फिरतं. म्हणून या लेखात फिल्टरची बटणं कमी आणि त्याआधीची तयारी जास्त आहे. शेवटी काय गळलं हे तपासायची पद्धतही दिली आहे. सगळं एक्सेल धरून लिहिलं आहे. गूगल शीट्समध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

एक फ्लॅट, एक ओळ

बऱ्याच ऑफिसांतली यादी मुळात वहीवरून उतरवलेली असते. वर "कोथरूड" असं मोठं शीर्षक, खाली दहा फ्लॅट, मग एक रिकामी ओळ, मग "बाणेर". वाचायला हे छान दिसतं, पण फिल्टरसाठी ते निरुपयोगी आहे. एक्सेल रिकाम्या ओळीपाशी यादी संपली असं समजतं आणि खालचे फ्लॅट फिल्टरच्या बाहेर राहतात. तेव्हा मधली शीर्षकं काढा, रिकाम्या ओळी काढा, एकत्र जोडलेले म्हणजे मर्ज केलेले सेल सोडवा. रकान्यांची नावं फक्त पहिल्या ओळीत, आणि तीही एकाच ओळीत ठेवा.

रंगाने माहिती साठवू नका. विकला गेलेला लाल, टोकन झालेला पिवळा, ही सवय सगळीकडे आहे. एक्सेल रंगावर फिल्टर लावू शकतं हे खरं, पण नवा मुलगा कामाला आला की त्याचा पिवळा वेगळा असतो. "स्थिती" नावाचा रकाना करा आणि त्यात चारच पर्याय ठेवा: उपलब्ध, टोकन, विकला, थांबवला.

मग यादीत कुठेही कर्सर ठेवून कंट्रोल आणि टी दाबा. साध्या ओळींचं "टेबल" होतं, आणि पुढे खाली जोडलेली प्रत्येक नवी ओळ आपोआप फिल्टरच्या कक्षेत येते. हे पाच सेकंदांचं काम आहे, तरी बहुतेक ठिकाणी केलेलं नसतं.

एकच फ्लॅट तीन वाटांनी येतो: मालकाकडून, त्याच्या भावाकडून आणि शेजारच्या एजंटकडून. किमतीही तीन असतात. सोसायटी, विंग आणि फ्लॅट क्रमांक हे तीन वेगळे रकाने ठेवले, तर तिन्ही जुळणाऱ्या ओळी "रिमूव्ह डुप्लिकेट्स"ने काढता येतात. पण आंधळेपणाने काढू नका. आधी तिन्ही ओळी शेजारी आणून कुठली ताजी आहे ते बघा, कारण एक्सेल वरची ओळ ठेवतं आणि ताजी बहुधा खाली असते.

जागेचं नाव: सगळ्यात जास्त गळती इथेच

पुण्यात "वडगाव" असं लिहिलं तर काहीच कळत नाही. सिंहगड रोडकडे वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द आहेत, तर नगर रोडकडे वडगाव शेरी. कोंढवा, आंबेगाव आणि मांजरी यांचेही बुद्रुक आणि खुर्द आहेत. बावधनचं तर आणखी वेगळं. बावधन खुर्द आधीपासून पुणे महापालिकेत आहे, बावधन बुद्रुक २०२१ साली आलं. पार्टी "बावधन" म्हणते तेव्हा तिला दोन्ही चालतात, पण कागदावर ही दोन वेगळी गावं आहेत.

त्यामुळे जागेसाठी एक रकाना पुरत नाही. मी तीन सुचवीन.

"परिसर" म्हणजे लोक तोंडाने म्हणतात ते नाव. पार्टीची मागणी याच भाषेत येते, म्हणून फिल्टरही मुख्यतः यावरच लागतो.

"महसुली गाव" म्हणजे करारनाम्यात आणि सातबाऱ्यावर असतं ते. हिंजवडी फेज तीन म्हणून सांगितलेली जागा कागदोपत्री माण गावात असू शकते, नांदेड सिटीतला फ्लॅट नांदेड गावात, मगरपट्ट्यातला हडपसरमध्ये. सरकारी नोंदी शोधताना हेच नाव लागतं.

"हद्द" म्हणजे पुणे मनपा, पिंपरी-चिंचवड मनपा, कॅन्टोन्मेंट किंवा पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) क्षेत्रातली ग्रामपंचायत. पाणी, मिळकतकर आणि बांधकाम परवानगी सगळं हद्दीवर ठरतं. हा रकाना एकदा भरून सोडून देता येत नाही. २०१७ साली ११ गावं पुणे महापालिकेत आली. त्यांत लोहगाव, धायरी, उंड्री, शिवणे होती. २०२१ साली आणखी २३ आली, त्यांत वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, किरकटवाडी होती. नंतर फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं महापालिकेतून वगळली गेली. जुन्या यादीत "ग्रामपंचायत" लिहिलेल्या ओळी आज चुकीच्या असण्याची शक्यता दाट आहे.

आता टायपिंगकडे या. "कोथरूड" आणि "कोथरुड" वाचणाऱ्याला एकच वाटतात, कॉम्प्युटरला दोन वेगळी गावं. "हिंजवडी" आणि "हिंजेवाडी"चं तसंच. त्यात कुणी इंग्रजीत टाइप केलेलं असतं. शेवटी चुकून पडलेली एक स्पेस डोळ्यांना दिसतच नाही.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी यापेक्षा बारीक एक अडचण आहे. "नऱ्हे" हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र कीबोर्डप्रमाणे वेगवेगळ्या पद्धतीने साठवला जातो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. फिल्टरच्या यादीत मात्र "नऱ्हे" दोनदा येतं. आपण एकावर टिक करतो आणि अर्धे फ्लॅट झाकले जातात. फिल्टरच्या खिडकीत एकच नाव दोनदा दिसलं की हाच प्रकार समजा. "अॅ" हे अक्षरही असंच दोन प्रकारे साठवलं जातं, त्यामुळे "अॅनेक्स", "अॅव्हेन्यू" असली नावं असलेल्या सोसायट्यांकडे बघून ठेवा.

उपाय एकच आणि तो पक्का आहे: नावं टाइप करू द्यायचीच नाहीत. "याद्या" नावाची वेगळी शीट करा, तीत प्रत्येक परिसर एकदाच, तपासून लिहा. मग "परिसर" रकाना निवडून डेटा मेनूतल्या "डेटा व्हॅलिडेशन"मध्ये "लिस्ट" निवडा आणि ती यादी जोडा. यापुढे सेलवर बाण येईल आणि नाव निवडावंच लागेल. जुन्या ओळी दुरुस्त करायला "ट्रिम" फंक्शनने आधीच्या-नंतरच्या स्पेस काढा. मग फिल्टरची खिडकी उघडून नावं वरून खाली वाचत जा आणि प्रत्येक वेगळं रूप "फाइंड अँड रिप्लेस"ने एकाच नावावर आणा. पाचशे ओळींच्या यादीला एक दुपार लागते.

क्षेत्रफळ, किंमत आणि बारा मार्च

आकड्याच्या रकान्यात फक्त आकडा. "८५ लाख", "८५ एल", "०.८५ सीआर", "८५ (थोडं कमी होईल)" ही चारही रूपं कॉम्प्युटरसाठी मजकूर आहेत, आणि "यापेक्षा कमी" असा फिल्टर लावला की चारही ओळी गायब. किंमत पूर्ण रुपयांत लिहा, ८५ वर पाच शून्यं. "थोडं कमी होईल" याला "शेरा" रकाना आहे. आकडे इंग्रजी कीबोर्डवरचेच टाका. देवनागरी आकडे एक्सेल संख्या म्हणून धरेलच असं नाही. रकाना शुद्ध आहे का हे ओळखायची सोपी खूण अशी, की संख्या आपोआप सेलच्या उजव्या कडेला जाते, मजकूर डाव्या कडेला. दुसरी खूण फिल्टरच्या मेनूत सापडते. किमतीच्या रकान्यात "नंबर फिल्टर्स"ऐवजी "टेक्स्ट फिल्टर्स" दिसलं तर रकान्यात मजकूरच जास्त भरला आहे.

सर्व्हे नंबरचं उलट आहे, तो मजकूरच राहायला हवा. सर्व्हे नंबर १२, हिस्सा ३ असेल आणि तुम्ही १२/३ असं लिहिलंत, तर एक्सेल त्याची तारीख करतं. ती १२ मार्च होते किंवा ३ डिसेंबर, कॉम्प्युटरच्या सेटिंगप्रमाणे. एकदा तारीख झाली की मागाहून रकान्याचं फॉरमॅट बदलून मूळ आकडा परत येत नाही, भलतीच पाच आकडी संख्या दिसते. म्हणून टाइप करण्याआधीच रकान्याचं फॉरमॅट "टेक्स्ट" करा. सर्व्हे आणि हिस्सा वेगळ्या रकान्यांत ठेवलेत तर उत्तमच. फ्लॅट क्रमांक आणि पिनकोडही मजकूरच.

क्षेत्रफळात घोळ मापाचा कमी आणि व्याख्येचा जास्त असतो. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याप्रमाणे कार्पेट म्हणजे घरातलं वापरायोग्य क्षेत्र. त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. जुन्या करारनाम्यांत बिल्टअप (भिंतींसकट) असतं, जाहिरातीत सेलेबल (जिना-लॉबीचा वाटाही धरून) असतं, आणि मालक फोनवर सांगतो तो आकडा यांपैकी कुठला हे त्यालाही ठाऊक नसतं. ठरावीक टक्के वजा करून कार्पेट "काढायची" पद्धत मला मान्य नाही. सोसायटीगणिक ते प्रमाण बदलतं, आणि काढलेला आकडा एकदा रकान्यात बसला की खऱ्यासारखा वावरतो. दोन रकाने ठेवा. "कार्पेट" करारनामा किंवा मंजूर नकाशा बघूनच भरा. "सांगितलेलं क्षेत्र" हा रकाना बाकी सगळ्यासाठी. कागदावर चौरस मीटर असेल तर १०.७६४ ने गुणा. ६५ चौरस मीटर म्हणजे जेमतेम ७०० चौरस फूट. जमिनीच्या यादीत गुंठे असतील तर एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा आणि ४० गुंठ्यांचा एकर, हे धरून सगळं एकाच मापात आणा.

बजेटचा आकडा थेट फिल्टरमध्ये टाकू नका

पार्टी ९५ लाख म्हणाली, पण "सगळा खर्च धरून". पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. मग मालकाला द्यायची किंमत किती उरते? ९५ लाखांतून ३० हजार वजा केले, ९४ लाख ७० हजार. त्याला १.०७ ने भागलं की साधारण ८८ लाख ५० हजार. किमतीच्या रकान्यावर हा आकडा लावायचा. खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर होणार असेल तर १ टक्का सवलत मिळते आणि मर्यादा ८९ लाख ३० हजारांच्या आसपास जाते. नव्या प्रकल्पात पूर्णत्वाचा दाखला येण्याआधी घेतलं, तर परवडणाऱ्या घरांचा गट सोडून ५ टक्के जीएसटी वाढतो. तेव्हा तीच मर्यादा साडेचौऱ्याऐंशी लाखांवर येते. म्हणजे एकाच बजेटचे तीन वेगळे फिल्टर झाले. ब्रोकरेज आणि सोसायटीची ट्रान्स्फर फी धरायची असेल तर आधी तीही वजा करा.

हा हिशोब किमान खर्चाचा आहे, कारण मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरप्रमाणे (सरकारने ठरवलेल्या दरांप्रमाणे) येणारं मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागतं. रेडी रेकनर जास्त असलेल्या जुन्या इमारतीत फरक पडतो.

रिकामा सेल काय सांगतो?

काहीच सांगत नाही, आणि अडचण तीच आहे. "लिफ्ट" रकाना रिकामा असेल तर लिफ्ट नाही, की विचारायचं राहिलं? फिल्टर मात्र त्या ओळीला नापास करतो. म्हणून प्रत्येक हो-नाही रकान्यात तीन पर्याय ठेवा: आहे, नाही, विचारायचं. रेरा क्रमांकाच्या रकान्यात चौथा लागतो, "लागू नाही". कायदा येण्याआधी पूर्ण झालेल्या तीन मजली इमारतीला रेरा क्रमांक नसणं रास्त आहे. बांधकाम चालू असलेल्या मोठ्या प्रकल्पाला नसणं ही धोक्याची घंटा. दोन्हीकडे सेल कोरा ठेवला तर फरकच मिटतो.

मजला आकड्यात लिहा, तळमजला म्हणजे शून्य. "जी", "ग्राउंड", "तळ" असं लिहिलं तर "एक किंवा त्याहून कमी" या अटीत तळमजलेच येणार नाहीत, आणि वयस्कर माणसांसाठी तेच तर हवे असतात.

दर सोमवारी "विचारायचं" वर फिल्टर लावून जी यादी निघेल ती आठवड्याच्या फोनांची यादी समजा.

साधा फिल्टर: आणि, किंवा

टेबल झालं की प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर बाण असतो. एका रकान्यात अनेक टिक केल्या तर त्या "किंवा" होतात: कोथरूड किंवा कर्वेनगर किंवा वारजे. वेगवेगळ्या रकान्यांतल्या अटी "आणि" होतात: हा परिसर आणि टू बीएचके आणि ८८ लाख ५० हजारांपर्यंत. अटी कुठल्या क्रमाने लावल्या याने उत्तर बदलत नाही. तरी मी आधी "स्थिती: उपलब्ध" लावतो, म्हणजे विकलेले फ्लॅट बघण्यात वेळ जात नाही.

संख्येच्या रकान्यात एकेक टिक करत बसू नका, "नंबर फिल्टर्स"मधलं "लेस दॅन ऑर इक्वल टू" घ्या. टिक केल्या तर उद्या नव्या किमतीचा फ्लॅट आला की तो निवडलेला नसतो.

मागणीतली बहुतेक कलमं इथवर भागतात, फक्त लिफ्टची राहते. "लिफ्ट आहे" हा एक रकाना, "मजला एकपर्यंत" हा दुसरा, आणि यांच्यामध्ये "किंवा" हवा. साधा फिल्टर दोन रकान्यांत "किंवा" करूच शकत नाही. दोन्ही अटी लावल्या तर लिफ्ट असलेल्या इमारतीतले फक्त पहिल्या मजल्यापर्यंतचे फ्लॅट उरतात आणि सातव्या मजल्यावरचा चांगला फ्लॅट जातो. कोथरूडच्या जुन्या भागात बिनलिफ्टच्या तीन-चार मजली सोसायट्या भरपूर आहेत, त्यामुळे ही अट तिथे सतत येते.

अॅडव्हान्स्ड फिल्टर: अटींचा तक्ता

डेटा मेनूत फिल्टरच्या शेजारी "अॅडव्हान्स्ड" असं बारीक बटण असतं. त्यासाठी अटी एका छोट्या तक्त्यात लिहायच्या. वरच्या ओळीत रकान्यांची नावं, अगदी यादीत आहेत तश्शीच, म्हणून टाइप करू नका, तिथून कॉपी करा. नियम एवढाच की एका ओळीतल्या अटी "आणि", वेगळ्या ओळींतल्या अटी "किंवा".

आपल्या मागणीचा तक्ता असा होतो:

| स्थिती | परिसर | बीएचके | किंमत | कार्पेट | ताबा | लिफ्ट | मजला |
|---|---|---|---|---|---|---|---|
| उपलब्ध | कोथरूड | २ | <=८८५०००० | >=६५० | तयार | आहे | |
| उपलब्ध | कोथरूड | २ | <=८८५०००० | >=६५० | तयार | नाही | <=१ |
| उपलब्ध | कर्वेनगर | २ | <=८८५०००० | >=६५० | तयार | आहे | |
| उपलब्ध | कर्वेनगर | २ | <=८८५०००० | >=६५० | तयार | नाही | <=१ |
| उपलब्ध | वारजे | २ | <=८८५०००० | >=६५० | तयार | आहे | |
| उपलब्ध | वारजे | २ | <=८८५०००० | >=६५० | तयार | नाही | <=१ |

इथे आकडे वाचायला देवनागरीत दिले आहेत, शीटमध्ये इंग्रजीच टाका. तीन परिसर गुणिले लिफ्टच्या दोन शक्यता, अशा सहा ओळी. समान अटी प्रत्येक ओळीत पुन्हा लिहाव्याच लागतात. दुसऱ्या ओळीत किंमत लिहायची राहिली तर कोथरूडचे दीड कोटींचे पहिल्या मजल्यावरचे फ्लॅटही येतील.

"अॅडव्हान्स्ड" दाबल्यावर "लिस्ट रेंज"मध्ये पूर्ण यादी द्या, "क्रायटेरिया रेंज"मध्ये हा तक्ता. निकाल वेगळ्या शीटवर हवा असेल तर "कॉपी टु अनदर लोकेशन" निवडा, पण मग ही सगळी क्रिया निकालाच्या शीटवर उभं राहूनच सुरू करायची. यादीच्या शीटवरून सुरू केलीत तर एक्सेल दुसऱ्या शीटवर निकाल द्यायला नकार देतं. यादी बदलली तर निकाल आपोआप बदलत नाही, फिल्टर पुन्हा चालवावा लागतो.

आणखी दोन जागी लक्ष ठेवा. अटींच्या तक्त्यात चुकून एक कोरी ओळ आली, तर तिचा अर्थ "कुठलीच अट नाही" असा होतो आणि अख्खी यादी बाहेर येते. आणि मजकुराची अट "या शब्दाने सुरू होणारं" अशी वाचली जाते. "वडगाव" लिहिलंत तर बुद्रुक, खुर्द, शेरी सगळे येतात. नेमकं तेवढंच नाव हवं असेल तर सेलमध्ये ="=वडगाव शेरी" असं लिहा.

तक्ता नको वाटत असेल तर मदतीचा एक रकाना करा, "जिना चालेल का". त्यात इफ आणि ऑर या फंक्शननी अट घाला: लिफ्ट आहे किंवा मजला एकपर्यंत आहे, तर "चालेल". मग साधा फिल्टरही पुरतो. रोजच्या कामाला मला हेच सोयीचं वाटतं.

तुमच्याकडे खास सॉफ्टवेअर असेल आणि तिथे अट हाताने लिहावी लागत असेल, तर लिफ्ट-मजल्याची "किंवा"ची जोडी कंसात टाका. डेटाबेसच्या भाषेत "आणि" आधी सोडवलं जातं, कंस नसेल तर "मजला एकपर्यंत" ही अट एकटीच सुटी राहते आणि सगळ्या पुण्यातले तळमजले येतात.

काय गळलं ते बघा

उत्तर आलं की लगेच पाठवू नका. आधी पडद्याच्या खालच्या पट्टीवर "इतक्यांपैकी इतक्या नोंदी" असा आकडा येतो तो वाचा.

मग एकेक अट काढून बघा. कार्पेटची अट काढल्यावर सातच्या एकवीस ओळी झाल्या, तर त्या चौदांकडे बघायला हवं. त्यातले किती खरंच लहान आहेत, आणि किती जणांचा कार्पेटचा सेल कोरा आहे? कोरा असेल आणि "सांगितलेलं क्षेत्र" ९०० असेल, तर तो फ्लॅट सोडून द्यायचा नाही, मालकाला करारनाम्याचं पान पाठवायला सांगायचं. फिल्टरच्या खिडकीत सगळ्यात खाली "ब्लँक्स" असतं, तेवढ्यावर टिक करून हेच थेट बघता येतं.

तिसरी तपासणी सगळ्यात खात्रीची. तुम्ही स्वतः पाहिलेला, मागणीत बसतोच असा एक फ्लॅट मनात धरा. तो निकालात नसेल तर का नाही ते शोधा, आणि जे कारण सापडेल त्याच कारणाने आणखीही फ्लॅट गळलेले असणार हे धरून चाला.

किमतीबाबत एक मत. यादीतली किंमत मालकाने बोललेली असते आणि पुण्यात रिसेलला घासाघीस होतेच. म्हणून मर्यादेच्या वर चार-पाच टक्क्यांपर्यंतचे फ्लॅट दुसऱ्या फिल्टरने काढा. ते पहिल्या यादीत मिसळू नका, "बोलणी करावी लागतील" असं सांगून वेगळे द्या. पार्टीचा विश्वास त्यानेच टिकतो.

बेरीज-सरासरी काढताना "सम" वापरू नका, ते झाकलेल्या ओळीही मोजतं. "सबटोटल" फक्त दिसणाऱ्या ओळी धरतं. आणि फिल्टर लावलेला असताना बाहेरून आणलेला मोठा मजकूर पेस्ट करू नका. तो झाकलेल्या ओळींवरही पडतो आणि एका मालकाची किंमत दुसऱ्याच्या नावावर जाते.

यादी चार जण वापरत असतील तर

गूगल शीट्सवर साधा फिल्टर लावला की तो सगळ्यांच्या पडद्यावर लागतो. एकाने बाणेर निवडलं की दुसऱ्याच्या समोरून हडपसर जातं. डेटा मेनूतून "फिल्टर व्ह्यू" तयार करा. तो फक्त तुमच्यापुरता असतो, त्याला नाव देता येतं आणि पुढच्या वेळी तोच उघडता येतो.

फिल्टर लावलेली फाइल मात्र पार्टीला कधीही पाठवू नका. ओळी झाकलेल्या असतात, गेलेल्या नसतात. समोरच्याने फिल्टर काढला की चारशे मालकांचे फोन नंबर त्याच्या हातात. निकालाच्या ओळी नव्या फाइलमध्ये कॉपी करा, मालकाचं नाव-नंबर आणि शेरा हे रकाने काढा, मग पाठवा. मालकांचे नंबर मुळातच वेगळ्या, कुलूपबंद फाइलमध्ये असावेत आणि यादीत फक्त नोंद क्रमांक.

निवडलेल्या ओळी सरकारी नोंदींशी ताडून बघा

शेवटी उरलेल्या पाच-सात फ्लॅटसाठी हे कराच. नव्या प्रकल्पाचा रेरा क्रमांक महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर टाका. तिथे प्रकल्प पूर्ण करण्याची जाहीर केलेली तारीख, मंजुऱ्या, चालू खटले दिसतात. पुणे जिल्ह्यातल्या जुन्या पद्धतीच्या क्रमांकांची सुरुवात पी ५२१ ने होते. तुमच्या यादीत पुण्याचा म्हणून लिहिलेला जुना क्रमांक पी ५१८ ने सुरू होत असेल तर तो मुंबई उपनगरातल्या प्रकल्पाचा आहे, कुठेतरी कॉपी चुकली. या रकान्यावर "बिगिन्स विथ" फिल्टर लावलात की असे क्रमांक एका झटक्यात सापडतात. त्यानंतरच्या नव्या पद्धतीच्या क्रमांकांना ही खूण लावू नका.

रिसेलसाठी नोंदणी व मुद्रांक विभागाची ई-सर्च सेवा आहे. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक दिला की त्या मिळकतीवर नोंदवलेले दस्त येतात आणि त्यांची सूची दोन, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो ती, बघता येते. गाव महसुलीच द्यायचं. कर्वेनगरचा फ्लॅट शोधताना गावाच्या यादीत हिंगणे बुद्रुक बघावं लागू शकतं, हिंजवडीकडच्या जागेला मुळशी तालुका निवडावा लागतो. शोध एका वर्षापुरताच होतो, म्हणून मागच्या वर्षांसाठी तो पुन्हा पुन्हा करावा लागतो. मिळकत क्रमांकाच्या जागी कधी सर्व्हे नंबर नोंदलेला असतो, कधी सिटी सर्व्हे नंबर, कधी फ्लॅट क्रमांक. एकाने काही आलं नाही म्हणून "दस्त नाही" असा निष्कर्ष काढू नका, तिन्हींनी शोधा. यादीत हे आकडे वेगळ्या रकान्यांत ठेवायला सांगितलं ते याचसाठी.

शोध झाला की त्या फ्लॅटच्या ओळीत तीन गोष्टी भरा: दस्त क्रमांक, नोंदणीचं वर्ष आणि तुम्ही तपासल्याची तारीख. शेजारीच "मालकाशी शेवटचं बोलणं" ही तारीख असू द्या. पुढच्या पार्टीसाठी फिल्टर लावताना आधी या तारखेवर गेल्या ३० दिवसांची अट घाला. त्याहून जुन्या ओळी वेगळ्या काढा आणि यादी पाठवण्याआधी त्या मालकांना फोन करून जागा अजून आहे का आणि किंमत तीच आहे का, एवढं विचारून घ्या.